कुठे गेली? कशाला गेली?

पुढील दोन वाक्ये पाहा. ‘आजी नाशिकला गेली.’ ‘आजी स्नानाला गेली.’ दोन्ही वाक्यांची घडण सारखी आहे. कर्ता तोच, क्रियापद तेच आणि प्रत्ययही तोच, ‘ला’. तरी पहिल्या वाक्यावरून आजी कुठे गेली ते कळते, तर दुसऱ्यावरून ती कशाला गेली ते कळते. ‘स्नान’ नावाचे गाव नकाशावर नाही हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून आपला घोटाळा होत नाही एवढेच.

आता तिसरे वाक्य घ्या. ‘आजी बाजाराला गेली.’ नाशिकला गोदावरीच्या घाटावर दर बुधवारी बाजार भरतो. हा बाजार म्हणजे एक जागा आहे हे खरे. पण ‘बाजार करणे’ हे कामही आहे. मग या ‘ला’ने जागा सांगितली की काम? विचार करून पाहा. मला तरी दोन्ही वेगळी काढता येत नाहीत.

एखाद्या ठिकाणी काही हेतूने जाणे ही गोष्ट इंग्रजी वाक्यात कशी सांगतात, हा या लेखाचा विषय आहे. तुम्ही म्हणाल, विज्ञानाच्या मासिकात हे व्याकरण कशाला? याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, भाषेचा अभ्यासही लंबकाच्या अभ्यासासारखा करता येतो. उदाहरणे गोळा करावीत, त्यांची वर्गवारी करावी, नियमाचा तर्क करावा आणि तो मोडणारे उदाहरण शोधावे. दुसरे उत्तर जरा गंभीर आहे. मराठी माध्यमातून दहावी होऊन विद्यार्थी अकरावी विज्ञानाला येतात आणि एकदम इंग्रजीत उत्तरे लिहू लागतात. त्यांच्या उत्तरपत्रिका तपासताना असे दिसते की, पदार्थविज्ञान त्यांना समजलेले असते, पण एका ‘टू’ किंवा ‘फॉर’मुळे कागदावर भलतेच पदार्थविज्ञान उतरते. ते कसे, हे पुढे येईलच.

लेखात इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत. तुम्ही ती वहीत रोमन लिपीत उतरवून घ्या.

एक ‘टू’, दोन कामे

‘शी वेंट टू नाशिक टू बेद.’ ती स्नान करायला नाशिकला गेली. या वाक्यात ‘टू’ दोनदा आला आहे. पहिल्या ‘टू’नंतर नाम आहे, तो ठिकाण दाखवतो. दुसऱ्या ‘टू’नंतर क्रियापद आहे, तो हेतू दाखवतो. आता मराठी वाक्याकडे परत पाहा. तेथेही ‘ला’ दोनदा आला आहे, ‘नाशिकला’ आणि ‘करायला’. म्हणजे इंग्रजांनी ‘टू’ला जी दोन कामे दिली, तीच आपण ‘ला’ला दिली आहेत. फरक जागेचा आहे. ‘टू’ शब्दाच्या आधी येतो, ‘ला’ शब्दाच्या शेवटी चिकटतो.

‘करायला’ हे रूप कसे बनले? जुन्या पुस्तकांत ‘करावयास’ असे रूप आढळते. ‘करावया’ला ‘स’ लागला. शाळेत आपण ‘स, ला, ते’ आणि ‘स, ला, ना, ते’ असे घोकतो, त्यातलाच हा ‘स’. बोलताना ‘करावया’चे ‘कराय’ झाले आणि ‘स’च्या जागी ‘ला’ आला. विभक्तीचा प्रत्यय नामाला लागतो, क्रियापदाला लागत नाही. तेव्हा ‘ला’ लागण्यापूर्वी क्रियापदाने नामाचा वेश घेतला, असे म्हणावे लागेल. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही हेच घडत होते. ‘टू’च्या पुढे येणाऱ्या क्रियापदाच्या रूपाला त्या काळी नामासारखा विभक्तीचा शेपटा असे. पुढे तो गळून पडला आणि उघडे क्रियापद राहिले.

हा योगायोग असेल काय? एका जोडीवरून नियम करू नये, हे प्रयोगशाळेत आपण शिकतोच. म्हणून आणखी उदाहरणे घेऊ. आपल्याच जिल्ह्यात बागलाण, मालेगाव, कळवण या भागांत अहिराणी बोलली जाते. तिच्यात ‘ला’च्या जागी ‘ले’ येतो. नाशिकला म्हणजे ‘नासिकले’ आणि आंघोळ करायला म्हणजे ‘आंग धोवाले’. दोन्हीकडे ‘ले’! गोव्यात जा. कोकणीत ‘गोंयाक’ म्हणजे गोव्याला आणि ‘जेवंक’ म्हणजे जेवायला. दोन्हीकडे ‘क’.

संस्कृत घेतलेत तर मौज आणखी वाढते. ‘ग्रामं गच्छति’ म्हणजे गावाला जातो आणि ‘स्नातुं गच्छति’ म्हणजे स्नान करायला जातो. या ‘तुम्’च्या शेवटी मुळात द्वितीयेचाच ‘म्’ आहे, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. चतुर्थीचीही तीच गोष्ट. ‘स्नानाय गच्छति’ हे हेतूचे झाले, पण ‘ग्रामाय गच्छति’ असे ठिकाणासाठीही म्हणता येते. पाणिनीने हे सारे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी नोंदवून ठेवले आहे. अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायातील तिसऱ्या पादाचे दहावे सूत्र असे सांगते की, एक क्रिया दुसऱ्या क्रियेसाठी केली जात असेल, तर त्या दुसऱ्या क्रियेच्या धातूला ‘तुमुन्’ प्रत्यय लावावा. आपल्या आजच्या विषयाची याहून नेटकी व्याख्या मला सापडली नाही. गावाला जाण्याबद्दलचे त्याचे सूत्र तर पदार्थविज्ञानाच्या माणसाला फारच आवडावे. तेथे चतुर्थी चालते, पण जाणे हे खरोखर शरीराच्या हालचालीचे असेल तरच. मनाने कोणी पाटलिपुत्राला जात असेल, तर ती चालत नाही. विस्थापन शून्य असेल तर चतुर्थी नाही, असेच म्हणा ना!

युरोपातील जुन्या लॅटिन भाषेतही ‘झोपायला जातो’ याला ‘डॉर्मितुम एओ’ म्हणत. तो ‘तुम’ आणि आपला संस्कृत ‘तुम्’ ही एकाच घराण्यातील भावंडे. आपल्या मराठीतही त्या ‘तुम्’चा अंश शिल्लक आहे. ‘खरे पाहू जाता’ असे आपण म्हणतो ना? त्यातले ‘पाहू’ म्हणजे ‘पाहायला’. प्राकृतात ‘तुम्’चा ‘उं’ झाला आणि तो मराठीत ‘ऊ’ होऊन राहिला.

मार्टिन हास्पेलमाथ या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १९८९ साली एका लेखात जगातील अनेक भाषांची उदाहरणे देऊन असे दाखवले की, ठिकाणाकडे नेणारा प्रत्यय किंवा शब्द हेतू दाखवू लागतो, ही वाट पुन्हापुन्हा तुडवली गेली आहे. याचे कारण समजायला कठीण नाही. ठिकाण म्हणजे पायांचा मुक्काम, हेतू म्हणजे मनाचा मुक्काम. बाजाराला निघालेली आजी दोन्ही मुक्कामांना एकाच वेळी निघालेली असते.

चोर तुरुंगात का गेला?

इथवर ‘ला’ आणि ‘टू’ हातात हात घालून चालले. पण आपण ‘ला’च्या भरवशावर इंग्रजीत शिरलो की ठेच लागते. ‘तो भाजी आणण्यासाठी मंडईत गेला’ हे वाक्य पुष्कळ विद्यार्थी ‘ही वेंट टू द मार्केट फॉर ब्रिंगिंग व्हेजिटेबल्स’ असे लिहितात. ‘साठी’ म्हणजे ‘फॉर’ हे समीकरण डोक्यात पक्के बसलेले असते. काही जण त्याहून सावध असतात आणि ‘फॉर टू ब्रिंग’ असे दोन्ही लावून टाकतात. या दुसऱ्या मंडळींना मी फार हसत नाही. चौदाव्या शतकात, कवी चॉसरच्या काळी, ‘फॉर टू’ हे उत्तम इंग्रजी होते. विद्यार्थ्याने जन्म घ्यायला सहाशे वर्षे उशीर केला, इतकेच.

आजच्या इंग्रजीत मात्र जाण्याचा हेतू क्रियापदाने सांगायचा असेल तर ‘टू’ वापरतात आणि नामाने सांगायचा असेल तर ‘फॉर’ वापरतात. ‘ही वेंट टू बाय व्हेजिटेबल्स’ किंवा ‘ही वेंट फॉर व्हेजिटेबल्स’. ‘वेंट फॉर अ वॉक’, ‘वेंट फॉर अ बाथ’. येथे ‘वॉक’ आणि ‘बाथ’ ही नामे आहेत. आधीच्या ‘अ’वरून ते ओळखता येते.

मग ‘फॉर’नंतर ‘इंग’चे रूप कधीच येत नाही काय? येते. एखादी वस्तू कशाच्या उपयोगाची आहे हे सांगताना ते येते. ‘अ नाइफ फॉर कटिंग फ्रूट’, फळे कापायची सुरी. आणखी एका ठिकाणी येते आणि तेथेच खरी गंमत आहे. पुढील दोन वाक्ये शेजारीशेजारी लिहा.

‘ही वेंट टू जेल फॉर स्टीलिंग.’

‘ही वेंट टू जेल टू स्टील.’

पहिल्याचा अर्थ, चोरी केल्याबद्दल तो तुरुंगात गेला. दुसऱ्याचा अर्थ, चोरी करायला तो तुरुंगात गेला! असा चोर अजून कोणी पाहिलेला नाही. पहिल्या वाक्यात चोरी आधी झाली, तुरुंग नंतर. दुसऱ्या वाक्यात तुरुंग आधी, चोरी नंतर. म्हणजे ‘जाणे’ या क्रियेच्या ‘फॉर स्टीलिंग’ मागे उभे आहे आणि ‘टू स्टील’ पुढे उभे आहे. मागे असते ते कारण, पुढे असतो तो हेतू. कालाच्या अक्षावर जाण्याची क्रिया शून्यावर ठेवा. कारण ऋण बाजूला पडेल, हेतू धन बाजूला. हा अक्ष वहीत काढून ठेवा, तो पुन्हा लागणार आहे.

‘द’ नसला तर

चोराच्या वाक्यात ‘जेल’पूर्वी ‘द’ नव्हता, हे तुमच्या लक्षात आले काय? ‘ही वेंट टू जेल’ म्हणजे तो कैदी म्हणून गेला. ‘ही वेंट टू द जेल’ म्हणजे तो त्या इमारतीकडे गेला, मग भावाला भेटायला असो, नाही तर नळ दुरुस्त करायला असो. ‘स्कूल’, ‘कॉलेज’, ‘चर्च’, ‘बेड’ यांचेही असेच आहे. मुलगा ‘गोज टू स्कूल’ आणि त्याचा डबा घेऊन जाणारे आजोबा ‘गो टू द स्कूल’. ‘द’ गाळला की जागा विरघळते आणि ती जागा ज्यासाठी बांधली ते काम उरते. हेतूचा एकही शब्द न वापरता हेतू सांगायची ही युक्ती मला फार आवडते. मराठीत ‘द’ नाही, म्हणून आपण दुसरी वाट काढतो. मंत्री पाहणी करायला गेले तर वृत्तपत्र ‘तुरुंगाला भेट दिली’ असे छापते. ‘मंत्री तुरुंगात गेले’ असे छापून आले, तर वाचक चहाचा पेला खाली ठेवील!

हे सगळ्याच इमारतींना लागू होत नाही. ‘मार्केट’, ‘स्टेशन’, ‘बँक’, ‘पोस्ट ऑफिस’ यांना ‘द’ ठेवावाच लागतो. यादी पाठ करण्यावाचून येथे उपाय नाही.

पोहायला, शिकारीला, खरेदीला

‘वी वेंट स्विमिंग.’ आम्ही पोहायला गेलो. येथे ‘टू’ही नाही आणि ‘फॉर’ही नाही. ‘गो शॉपिंग’, ‘गो फिशिंग’, ‘गो हंटिंग’ अशी ही रचना. पूर्वी ‘हंटिंग’च्या आधी ‘ऑन’ हा शब्द असे. तो झिजून नुसता ‘अ’ उरला आणि पुढे तोही गेला. ‘ऑन’ म्हणजे वर. आपणही ‘शिकारीवर गेला’, ‘मोहिमेवर गेला’, ‘कामावर गेला’ असे म्हणतोच की.

ही रचना सहसा हिंडण्याफिरण्याच्या किंवा मोकळ्या हवेतल्या कामांना शोभते. ‘गो स्टडिंग’ किंवा ‘गो ईटिंग’ असे म्हणत नाहीत. दुसरी एक खूण लक्षात ठेवा. ‘वी वेंट स्विमिंग टू द रिव्हर’ हे चूक, ‘इन द रिव्हर’ हे बरोबर. नदी येथे ‘जाण्या’शी बांधलेली नसून ‘पोहण्या’शी बांधलेली आहे आणि पोहतात ते नदीत.

जाऊन पाहिले की पाहायला गेले?

आता एका दुर्दैवी माणसाची गोष्ट सांगतो. गिओम ल जाँतील हा फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ. शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना पृथ्वीवरील दूरदूरच्या ठिकाणांहून वेळा मोजल्या, तर सूर्याचे अंतर काढता येते. त्यासाठी तो १७६० साली जहाजाने भारताकडे, पाँडिचेरीला निघाला. अधिक्रमण व्हायचे होते ६ जून १७६१ रोजी. पण त्याआधीच इंग्रजांनी पाँडिचेरी घेतली. अधिक्रमणाच्या दिवशी ल जाँतील समुद्रात होता आणि हलत्या जहाजावरून मोजमापे काय घेणार? पुढचे अधिक्रमण आठ वर्षांनी होते. गृहस्थ तितकी वर्षे पूर्वेकडेच राहिला. १७६९ साली तो पाँडिचेरीत दुर्बीण लावून सज्ज होता. जूनमधली ती सकाळ उजाडली आणि नेमके त्याच वेळी ढग आले. अधिक्रमण संपले आणि ढग पांगले.

‘ही वेंट टू इंडिया टू ऑब्झर्व व्हीनस.’ हे वाक्य खरे आहे काय? अगदी खरे. ‘ही वेंट टू इंडिया अँड ऑब्झर्व्ड व्हीनस.’ हे मात्र खोटे. ‘टू’ने सांगितलेला हेतू पुरा झाला की नाही, याबद्दल वाक्य मुग्ध असते. ‘अँड’ने जोडले की काम पार पडल्याची ग्वाही मिळते. मराठीत हाच फरक ‘पाहायला गेला’ आणि ‘जाऊन पाहिला’ यांत आहे. २२ जुलै २००९ चे खग्रास सूर्यग्रहण पाहायला सुरतेला गेलेल्या कित्येकांनाही पावसाळी ढगांनी पहिल्याच वाक्यावर अडवून ठेवले.

ल जाँतीलची गोष्ट अजून संपलेली नाही. तो १७७१ साली फ्रान्सला परतला, तेव्हा त्याला मृत समजण्यात आले होते. वारस मालमत्तेच्या मागे लागले होते आणि विज्ञान अकादमीतील त्याची जागा दुसऱ्याला दिली गेली होती. इंग्रज लेखक हे असे लिहील, ‘ही रिटर्न्ड टू फ्रान्स टू फाइंड हिज प्लेस टेकन.’ येथे सावध राहा! येथेही ‘टू’नंतर क्रियापद आहे, पण आपली जागा गेलेली पाहावी म्हणून काही तो परतला नव्हता. हा ‘टू’ हेतूचा नाही, परिणामाचा आहे. मराठीत आपण ‘परत येतो तर काय, जागा गेलेली!’ असे म्हणू. ओळखायची कसोटी सोपी आहे. ‘टू’च्या आधी ‘इन ऑर्डर’ घालून पाहा. ‘इन ऑर्डर टू ऑब्झर्व’ बसते. ‘इन ऑर्डर टू फाइंड’ घातले की वाक्य वेड्यासारखे होते.

न चालणारे जाणे

हेतूने जाण्याची ही वाक्ये इतकी वापरली जातात की कधीकधी त्यांतले चालणेच नाहीसे होते. ‘आय ॲम गोइंग टू सेल ग्रेप्स’ याचा मूळ अर्थ, मी द्राक्षे विकायला चाललो आहे. म्हणजे वाटेवर आहे. जो विकायला निघाला तो पुढे विकणार, म्हणून हळूहळू ‘गोइंग टू’ याचा अर्थच ‘करणार’ असा झाला. पंधराव्या ते सतराव्या शतकांच्या दरम्यान हा बदल होत गेला. आज ‘इट इज गोइंग टू रेन’ म्हणताना कोणी कोठे जात नाही आणि कोणाचा काही हेतूही नसतो. पाऊस पडणार आहे, इतकेच.

मराठीत हीच रचना वेगळ्या दिशेला वळली. ‘करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.’ या म्हणीतला माणूस जागचा हललेला नाही. ‘करायला गेलो’ म्हणजे करू पाहिले, प्रयत्न केला आणि बहुधा फसला. एकाच रचनेतून इंग्रजीने भविष्यकाळ घडवला आणि आपण फसलेला प्रयत्न. यावरून कोणी दोन समाजांच्या स्वभावाबद्दल सिद्धान्त मांडू लागला, तर तिकडे लक्ष देऊ नका.

दगड कशाला पडतो?

आता त्या उत्तरपत्रिकांकडे वळू. ‘द इलेक्ट्रॉन गोज टू अ हायर ऑर्बिट टू ॲब्सॉर्ब एनर्जी.’ विद्यार्थ्याच्या मनात ‘ऊर्जा शोषून इलेक्ट्रॉन वरच्या कक्षेत जातो’ असे होते. ते बरोबरच आहे. पण ‘शोषून’चे ‘टू ॲब्सॉर्ब’ झाले आणि वाक्याचा अर्थ ‘ऊर्जा शोषायला इलेक्ट्रॉन वरच्या कक्षेत जातो’ असा झाला. जणू वरच्या कक्षेत ऊर्जेचे दुकान आहे! आपला मघाचा अक्ष काढा. ऊर्जेचे शोषण ऋण बाजूला असायला हवे होते, ते धन बाजूला जाऊन बसले. कारण होते, त्याचा हेतू झाला. ‘द इलेक्ट्रॉन ॲब्सॉर्ब्ज एनर्जी अँड गोज टू अ हायर ऑर्बिट’ असे लिहिले की काम झाले. ‘वेपर गोज अप फॉर कूलिंग’ याचाही तोच रोग. वाफ थंड होण्यासाठी वर जात नाही. ती वर जाते आणि थंड होते.

हा केवळ भाषेचा दोष आहे असे समजू नका. दगड खाली का पडतो, याचे उत्तर ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने असे दिले की, जड वस्तूचे नैसर्गिक स्थान विश्वाच्या मध्याशी आहे आणि दगड आपल्या स्थानाकडे जातो. म्हणजे दगडसुद्धा आजीसारखाच ‘ला’ घेऊन निघाला, ठिकाणाला आणि हेतूलाही. हे मत जवळजवळ दोन हजार वर्षे टिकले. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात, दगड कशामुळे पडतो हा प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवला आणि तो कसा पडतो, किती वेळात किती अंतर जातो, एवढेच मोजले. १६८७ साली न्यूटनने बल आणि त्वरण यांचा संबंध मांडला. या क्षणी दगडावर जे बल आहे, त्यावरून या क्षणीचे त्वरण ठरते. दगडाला पुढे कोठे जायचे आहे, हे समीकरणाला ठाऊक असावे लागत नाही.

पण हेतू इतक्या सहजासहजी विज्ञानातून गेला नाही. १६६२ साली फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने दाखवले की, हवेतून पाण्यात शिरताना प्रकाश अशा वाटेने जातो की एकूण वेळ कमीत कमी लागावा. लगेच क्लेर्सेलिए नावाच्या विद्वानाने आक्षेप घेतला. वाट निवडायला प्रकाशाला पुढचे कसे कळणार? आक्षेप रास्त होता. पुढे तरंगांच्या कल्पनेने त्याचे निरसन झाले. बैलगाडी तिरपी येऊन तिचे एक चाक आधी चिखलात शिरले, तर ते चाक मंदावते आणि गाडी वळते. गाडीने वेळेचा हिशेब केलेला नसतो. पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होतो. त्यामुळे तिरप्या तरंगाची आधी शिरलेली बाजू मंदावते आणि किरण वळतो. फर्माचा नियम खरा आहे, पण ‘कमीत कमी वेळात पोहोचण्यासाठी प्रकाश वाकतो’ या वाक्यातला ‘साठी’ आपण पदरचा घातलेला आहे.

जीवशास्त्राच्या शिक्षकांना मात्र थोडी सूट द्यावी लागेल. ‘प्रकाश मिळवण्यासाठी रोप खिडकीकडे वाकते’ असे ते म्हणतात. रोपाच्या सावलीकडील बाजूला ऑक्झिन नावाचे वाढीचे द्रव्य जास्त होते, ती बाजू जास्त लांबते आणि रोप प्रकाशाकडे झुकते. हे झाले कारण. अशा रोपांना प्रकाश अधिक मिळाला, म्हणून पिढ्यानुपिढ्या तीच टिकली. ही सगळी कथा त्यांनी ‘साठी’ या एका शब्दात गुंडाळलेली असते.

आणि येथे मराठी विद्यार्थ्याजवळ एक चांगले हत्यार आहे, जे इंग्रज विद्यार्थ्याच्या हाती तितके धारदार नाही. इंग्रजीत ‘व्हाय’ हा एकच शब्द कारणही विचारतो आणि हेतूही विचारतो. मराठीत ‘का’ आणि ‘कशाला’ असे दोन शब्द आहेत. ‘का’चे उत्तर कारणही असू शकते आणि हेतूही. ‘कशाला’चे उत्तर मात्र हेतूच असतो. त्याच्या शेवटी आपला ओळखीचा ‘ला’ बसलेला आहेच. ‘दगड खाली का पडतो?’ हा प्रश्न नीट आहे. ‘दगड खाली कशाला पडतो?’ असे विचारले, तर वर्ग हसेल. जणू त्याने वरच बसावे म्हणून आपण त्याला रागावत आहोत! तेव्हा इंग्रजीत ‘टू’ लिहिण्यापूर्वी मनात मराठीत ‘कशाला?’ असे विचारून पाहा. प्रश्न हास्यास्पद वाटला, तर तेथे हेतूचा ‘टू’ नको. ‘बिकॉज’ लिहा, नाही तर ‘अँड’ लिहून दोन क्रिया घडल्या त्या क्रमाने मांडा.

सरावासाठी चार वाक्ये देतो. इंग्रजीत करा आणि प्रत्येक ठिकाणी अक्षावर खूण करा. ‘मामा पांडवलेणी पाहायला गेले, पण पावसाने परतले.’ ‘शिक्षक जाऊन तापमापक घेऊन आले.’ ‘उशिरा आल्याबद्दल त्याला वर्गाबाहेर जावे लागले.’ ‘गंगापूर धरणातले पाणी आपली पातळी गाठण्यासाठी उताराकडे धावते.’ चौथे वाक्य आधी मराठीतच दुरुस्त करावे लागेल. ज्यांच्या घरी अहिराणी, कोकणी किंवा आणखी एखादी बोली बोलतात, त्यांनी आजीला ‘बाजाराला’ आणि ‘आणायला’ हे दोन शब्द तिच्या बोलीत विचारावेत आणि दोन्हींच्या शेवटी तोच प्रत्यय येतो की नाही ते वहीत लिहून ठेवावे. न येणारी बोली सापडली, तर ती शिक्षकांना जरूर दाखवा.